रिनाच्या नावाचा पत्ता

आरमोरीच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक बाई आणि तिचा भाचा बसले होते.

"मावशी, आपल्या तांदळाच्या वेबसाइटचा पत्ता बदलला. पोत्यावरचा रिनाच्या नावाचा जुना पत्ता टाकला तरी गिऱ्हाईक आपोआप नव्यावर जाते."

"तिथी कोणाले बसवलं का, वाट दाखवाले?"

"कोणालेच नाई. आपला सर्व्हरबी नाई. कोणी आलं का क्लाउडवरचा लहानसा प्रोग्राम जागा होते, पाठवते, झोपते. सुरक्षेचं कुलूपबी आपोआप नवं होते."

"बरं केलं."

"आता पोतीबी नवी छापली. जुन्यावर रोज सकाळी एकच जण येऊन राह्यला. बंद करू?"

"नको."

"काऊन?"

"थे मीच हाय. पोरगी गेल्यापासून तिचं नाव लिहाले मले तेवढीच जागा हाय."