इरल्याखाली हाक पोचत नाय

माझं माहेर पेठच्या डोंगरातलं, सासर त्र्यंबकच्या खालच्या अंगाला. आमच्या शेताला लागून ओहोळ जातो, तो पुढं गंगेला, म्हंजे गोदावरीला, मिळतो, तेच पाणी नाशकाला जातं. बाप माझा इरली विणायचा. बांबूच्या कामट्या, त्यात पळसाची पानं, डोक्यावरून कमरेपर्यंत पाठीवर घेतलं की बाई वाकून भाताची रोपं लावत जाते अन् पाऊस वरून निसटतो. बहात्तरचा दुष्काळ सरला अन् माझं लगीन झालं, तेव्हा बापानं दोन इरली दिली, एक मला, एक माझ्या जावेला.

जाऊ पार्वता, लय थट्टेखोर. शेजारी वाकून लावायची अन् म्हणायची, अगं हळू लाव, नायतर सासूला वाटंल थोरली म्हातारी झाली. तेव्हा झड लागायची, आठ आठ दिवस, बारीक, सोडायचीच नाय, पण इरल्याखाली दोघींना बोलता यायचं, गाणं म्हणता यायचं. ओहोळ फुगायचा तोपण दिसत दिसत. सकाळी दगड बुडला तर बांधाला पाणी लागायला सांज व्हायची. माणसाला उठून जायला सवड होती.

मग काय सांगू तुम्हाला, पावसाची रीतच बदलली. सासरे म्हणायचे, पाऊस कमी झाला नाय, शेरानं यायचा तो आता खंडीनं येतो. पंधरा पंधरा दिवस कोरडे, रोपं पिवळी, अन् मग एका दुपारी सगळं आभाळ खाली. गंगेकाठचे पाव्हणे यायचे तेबी हेच सांगायचे.

त्या साली असंच झालं. पार्वता ओहोळाकडच्या खाचरात लावत होती, मी वर रोपं उपटत होते. एकदम कोसळला. असा पाऊस इरल्यावर पडला की आतल्या माणसाला आपला श्वास ऐकू येत नाय. मला वरून ओहोळ दिसला, लाल, उभाच्या उभा येताना. मी हाक मारली, जाऊबाई, वर या. ती वाकलेलीच. मी पळत सुटले, चिखलात पाय रुतायचा, ओरडतच होते, अन् ती आपली एक एक रोप खोचत होती. मग खाचरच नव्हतं. इरलं तेवढं पालथं वाहत गेलं, वाटायचं बाईच वाकून चाललीय. पार्वता दुसऱ्या दिवशी खालच्या गावाला सापडली.

तिच्या लेकीचे, तारीचे, तेव्हा दुधाचे दात पडत होते. मीच वाढवली. तिला मी इरलं घेऊ देत नाय, खताची गोणी पाठीवर, डोकं उघडं, कान उघडे. बाया म्हणतात, चुलतीला पोर भिजवून मारायची हाय. म्हणोत.

जोराचा आला की मी अजून बांधावर जाते अन् हाका मारते, जाऊबाई, वर या. मला येड लागलं नाय, सगळं कळतं, पण तोंडातून निघतंच. मग तारी ओ देते, आले गं काकी, आले वर, म्हणते. मग माझा जीव थाऱ्यावर येतो.

यंदा तिचं लगीन ठरलंय. पाव्हणे म्हणाले, जमीन नदीला लागून हाय, सोन्यासारखी. सगळे खूश. मी एवढंच विचारलं, घरून हाक मारली तर शेतात ऐकू जाती का? ते हसले, म्हणाले, विहीणबाई, हाका मारायला सासू हाय की खमकी.

असू दे. सुखानं नांदो, तिच्या हाताला पीक येवो. मी काय, पाऊस आला की हाक मारणारच, ओ नाय आली तरी.