उरलेल्या बाटल्या

निंगव्वा : मालकांच्या पायाला हात लावायच्या आदी मला सांगा शिष्टर, सकाळी त्या इंजेक्शनच्या बाटलीत तुमी काय वतलं?

सिस्टर : पाणी.

निंगव्वा : बघा! आपल्या तोंडानं म्हनली. पाणी!

सिस्टर : निंगव्वा, ओरडू नका. सगळा वॉर्ड बघायला लागलाय. बाटलीत औषधाची पूड असते. ती पाण्यात विरघळवल्याशिवाय सुईतून जाणार कशी?

निंगव्वा : आमच्या मंद्रूपच्या बाजारात दूधवाली बी असंच ग्वाड बोलती. दूध लई घट्ट हुतं, जरा सैल केलं म्हनती.

सिस्टर : ते साधं पाणी नव्हतं. बंद काचेतलं होतं. तुमच्यासमोर काचेची मान मोडली ना मी?

निंगव्वा : मान मोडल्याली बघितली. औषध खरं हाय का, त्ये कसं बघू? पयल्यांदा हीच बाटली, हेच बूच, आन् मालकाचा ताप कसा झटक्यात उतरला! आता टोचून टोचून कमरंची चाळण झाली, तरी पायातनं पू यायचा थांबंना. मग खरी बाटली जाती कुटं?

सिस्टर : तुम्हीच सांगा, कुठे जाते?

निंगव्वा : मी बोलले तर तुमाला राग यील.

सिस्टर : आलाच आहे. बरं, तुमचा संशय सांगून झाला. आता माझा ऐका. काल पट्टी सोडली तेव्हा कडेला राखाडी भुकटी होती. जखमेवर काय घालता तुम्ही?

निंगव्वा : अय्य शिवा! विभूती हाय ती. मालकांच्या कपाळाला लावते. घाम आला की हातानं पुसत्यात आन् त्योच हात पायाकडं जातो. जखमंत घालायला मी काय येडी हाय?

सिस्टर : नक्की?

निंगव्वा : सिद्धरामाची आण. माझ्यावर इस्वास नसंल तर बरंच झालं. उद्या आमी निघालोच. माझा भाऊ बिरप्पा गाडी घिऊन यायलाय. मंद्रूपला हाडवैद हाय, त्याच्याकडं नेते.

सिस्टर : गाडीचे धक्के बसले तर आत बसवलेली पोलादी प्लेट हलेल. पाय जाईल, निंगव्वा.

निंगव्वा : आन् हितं ऱ्हाऊन राहनार हाय व्हय? काल डॉक्टर दारात उबा ऱ्हाऊन दुसऱ्या डॉक्टरला विंग्रजीत सांगत हुता आन् गुडघ्याच्या वर आसा हात फिरवत हुता. विंग्रजी मला येत न्हाय, पर हात कळतो. बहात्तरच्या दुष्काळात ह्येच पाय घिऊन मालक खडी फोडायला जायचे, म्हनून घरात चूल पेटली. तो पाय मी कुनाला देनार न्हाय.

सिस्टर : मलाही तो कापायचा नाहीये. म्हणून तर आले. बसा जरा. लॅबचा रिपोर्ट आलाय.

निंगव्वा : कसला?

सिस्टर : जखमेतला पू मी कापसाच्या बोळ्यावर घेऊन पाठवला होता. तिथे काचेच्या बशीत जंतू वाढवतात.

निंगव्वा : वाढवत्यात? मारायचं सोडून?

सिस्टर : कशानं मरतात ते बघायला वाढवतात. बशीत औषधं लावलेले कागदाचे गोल तुकडे ठेवतात. ज्या औषधाला जंतू भितात, त्या तुकड्याभोवतीची जागा मोकळी राहते. तुमच्या चनमल्लप्पांचे जंतू पेनिसिलीनला अगदी खेटून वाढलेत. स्ट्रेप्टोमायसिनलाही.

निंगव्वा : मंजे मी म्हनले त्येच. औषध खोटं.

सिस्टर : लॅबमधले तुकडे काही आपल्या वॉर्डातून गेले नव्हते. तिथलं औषध तर खरं होतं ना? त्यालाही ते दाद देत नाहीत.

निंगव्वा : मग पयल्यांदा कशी दिली?

सिस्टर : तेच मला कळत नाही. मी भावाच्या लग्नाला बार्शीला गेले तेव्हा ताप उतरत आला होता. परत येऊन बघते तर पुन्हा पू. मी नव्हते तेव्हा सगळी इंजेक्शनं झाली ना?

निंगव्वा : कशाला? ताप तर उतरला हुता. तुमच्या जागी आल्याल्या त्या नव्या पोरीला म्हनलं, आमचे मालक बरे झाले, ऱ्हायल्याल्या बाटल्या शेजारच्या खाटंवरच्या रामहरीला टोच. करमाळ्यास्नं आल्याली मानसं, त्याची बायको बजाबाई एकटी बाईमानूस, हितं वळखीचं कोन हाय त्यांच्या? आमी तसली मानसं न्हाय शिष्टर, दाबून ठिवनारी. आमाला बी त्या कोपऱ्यातल्या तिप्पण्णाच्या बायकोनं घरी जाताना तिच्या उरल्याल्या दिल्या हुत्या. ह्या वॉर्डात समदीच देत्यात. उरलेलं औषध घरी न्यायचं नसतंय. त्येच्या मागं आजार बी घरी येतो.

सिस्टर : समदीच देतात?

निंगव्वा : व्हय. पुण्य लागतंय.

सिस्टर : निंगव्वा, ताप उतरला म्हणजे सगळे जंतू मेले असं नसतं. मरतुकडे आधी मरतात. दांडगे मागे राहतात. त्यांनाही मारायला बाकीची इंजेक्शनं असतात. ती मध्येच बंद केली की तेच दांडगे वाढतात, आणि मग औषधाला जुमानत नाहीत. इथे तर प्रत्येकाला अर्धंच मिळालंय. त्यात आमचे हात, आमचा पट्ट्यांचा ट्रे या खाटेवरून त्या खाटेवर फिरतो. रामहरींच्या जखमेतही हाच जंतू निघालाय.

निंगव्वा : आता समदं माझ्या अंगावर ढकलायलाव व्हय?

सिस्टर : तुमच्या एकटीच्या नाही. आम्हीच नीट सांगितलं नाही. पण पाय तुमच्या माणसाचा आहे, म्हणून तुम्हाला सांगते. बशीत एकाच तुकड्याभोवती जागा मोकळी होती. जेंटामायसिन. सोलापुरात मिळत नव्हतं, डॉक्टरांनी पुण्याहून मागवलं. एका माणसाला पुरेल एवढंच आलंय. ताप उतरो, चनमल्लप्पा उठून चालू लागोत, शेवटची सुई होईपर्यंत थांबायचं नाही. आणि यातलं कुणाला द्यायचं नाही. याला पण जंतू सरावले, तर माझ्याकडे दुसरं काही नाही. मग तुम्ही बघितलात तो डॉक्टरांचा हात खरा.

निंगव्वा : आन् रामहरी?

सिस्टर : त्यांच्यासाठीही लिहिलंय पुण्याला.

निंगव्वा : कवा यील?

सिस्टर : सांगता येत नाही.

निंगव्वा : बाटल्या माझ्या डब्यात ऱ्हातील. टोपन रोज माझ्या डोळ्यासमोर काढायचं.

सिस्टर : काढीन.

निंगव्वा : हाडवैदाला हात लावू देत न्हाय मग. बिरप्पा आला की गाडी माघारी धाडते. पर शिष्टर, गुण आला न्हाय तर मी वॉर्डात गप बसनार न्हाय.

(काही दिवस गेले. चनमल्लप्पा खाटेवर उठून बसू लागला आणि निंगव्वाच्या जिवात जीव आला. एका दुपारी रामहरीची बायको बजाबाई व्हरांड्यात तिच्याजवळ येऊन टेकली.)

बजाबाई : आक्का, आज मालकानं तुमच्या भाकर खाल्ली म्हनं. बरं वाटलं बगा ऐकून.

निंगव्वा : चतकोर खाल्ली. रामहरीभाऊ कसं हायीत?

बजाबाई : काय सांगू. अंगाव हात ठिववंना, असं तापलंय. सकाळपस्नं मला वळखंनात. आक्का, त्या पुन्याच्या बाटल्या उरल्यात न्हवं?

निंगव्वा : कोन म्हनलं?

बजाबाई : कोन कशाला म्हनाया पायजे? तुमच्या खाटंखाली डबा हाय, मला दिसतोय की. तुमचं मालक तर आता बसाया लागलं. एक-दोन दिल्या आसत्या तर...

निंगव्वा : देता येत न्हाईत, बजाबाई.

बजाबाई : मागं तर मी मागितल्या बी नव्हत्या. तुमीच पदरात घातल्या.

निंगव्वा : त्यानंच बिघडलं म्हनं. अर्दं औषध दिलं की जंतू मरत न्हाईत, शिकून शानं हुत्यात.

बजाबाई : जंतू शिकत्यात? कुटल्या साळंत?

निंगव्वा : मला बी आदी पटलं न्हवतं.

बजाबाई : शिष्टर चोर हाय म्हनून वॉर्डभर कोन वरडत हुतं, आक्का? आता तुमचा मानूस उठून बसला, मंग शिष्टर खरी झाली.

निंगव्वा : तुमचं बी औषध यायलंय पुण्यासनं.

बजाबाई : यील तवा यील. तवर ह्यो मानूस दम धरंल का, त्ये सांगा.

निंगव्वा : माझ्या हातात काय हाय?

बजाबाई : डबा हाय की. तुमी आंगुळीला गेला की मी तुमच्या मालकाच्या तोंडात पेज घालत हुते. ती अर्दी घातली न्हाय मी.

निंगव्वा : असं बोलू नगा वो. काळजात लागतंय.

बजाबाई : न्हाय बोलत. बसा तुमी. आमचं कन्हत्यात, मला जाया पायजे.

(बजाबाई आत गेली. सिस्टर व्हरांड्यात आली.)

सिस्टर : निंगव्वा, काय मागत होत्या त्या?

निंगव्वा : तुमाला ठावं हाय काय मागत हुती.

सिस्टर : दिलं नाहीत ना?

निंगव्वा : न्हाय.

सिस्टर : बरं केलंत.

निंगव्वा : कशाचं बरं? माझ्याच मानसाचा पाय धरून बसले मी. रामहरीला कायबाय झालं तर त्या बाईकडं मी कंच्या तोंडानं बघू? तुमी सांगितल्यालं खरं हाय न्हवं, शिष्टर?

सिस्टर : खरं आहे. पुण्याला मी पुन्हा फोन लावायला सांगितलाय.

निंगव्वा : लावा. आन् आजपासनं डबा खाटंखाली ऱ्हानार न्हाय. उशाला घिऊन झोपते.

सिस्टर : अजून माझ्यावर संशय आहे का?

निंगव्वा : तुमच्यावर न्हाय.