हँक अंबडकर

नर्मदा : फोनवर ते काही सांगू नका. हनी म्हणजे मध, एवढं इंग्लिश मला येतं. कोण बाई तुम्हाला मध म्हणायली?

रामेश्वर : अगं, अनुपमा मॅडम हायेत त्या. आमच्या हॉटेलाच्या मॅनेजर.

नर्मदा : मॅनेजर हाय म्हणून मध? उद्या सोसायटीचा मॅनेजर मला गुळाची ढेप म्हणाला, तर चालंल तुम्हाला?

रामेश्वर : माझ्यासंगं काम करणाऱ्या शौकतच्या स्टेटसवर तू तेवढंच बघितलंस...

नर्मदा : मी एकटीनं नाही, आत्याबाईंनी बघितलं. गल्लीनं बघितलं. ती बया ओरडायली, "हँक, हनी!" अन् तुम्ही कागदाची टोपी घालून मान डोलवायलात, पोळ्याच्या बैलावाणी! मी पिशवी भरून ठेवलीय. खरं सांगा, नाहीतर लेकराला घेऊन माहेरी चालले.

रामेश्वर : खरंच सांगायलो ना! ते ऑर्डर देणं हाय.

नर्मदा : ऑर्डर? पुढं ती 'आदम-ईव्ह... रेक देम!' ओरडली, ती? शेजारच्या सोनमला विचारलं मी, बारावीला हाय ती. ती म्हणली, काकू, आदम-ईव्ह म्हणजे जगातलं पहिलं जोडपं, अंगावर कपडा नसलेलं. अन् शेवटी 'रेक देम' म्हणजे त्यांचं वाटोळं करा.

रामेश्वर : अरे देवा! ती अंडी हायेत!

नर्मदा : कोण?

रामेश्वर : आदम अन् ईव्ह. टोस्टवर ठेवलेली दोन अंडी. वाटोळं करा म्हणजे भुर्जी करा.

नर्मदा : वा! आता अंड्यांवर ढकला.

रामेश्वर : आईशप्पथ! अमेरिकेत जुन्या काळी हॉटेलातली पोरं अशाच ऑर्डरी ओरडायची. गंमत म्हणून, ध्यानात राहावं म्हणून. मॅडमनं इथं आखातात, अल क्वोजच्या जुन्या गोदामातल्या आमच्या हॉटेलात तेच चालू केलं. गिऱ्हाईक व्हिडिओ काढतं, खूश होतं.

नर्मदा : भुर्जीला भुर्जी म्हणलं तर गिऱ्हाईकाला ठसका लागतो का?

रामेश्वर : इथं सगळीच नावं उलटी. हॉट डॉगमधी कुत्रं नाही. जुन्या लोकांनी टिंगल केली म्हणं, ह्या सॉसेजमधी कुत्रं तर भरलं नाही ना? तेच नाव पडलं.

नर्मदा : म्हणजे टिंगलच नाव होऊन बसली.

रामेश्वर : अन् हॅम म्हणजे डुकराचं मांस, पण हॅम्बर्गरमधी ते नसतंय. जर्मनीत हॅम्बर्ग नावाचं गाव हाय. तिथला म्हणून हॅम्बर्गर.

नर्मदा : आपण अंबडचे म्हणून अंबडकर, तसं?

रामेश्वर : अगदी तसंच! बघ, तुला किती पटकन कळतं.

नर्मदा : मस्का लावू नका. अन् हँक म्हणजे काय? हाक मारतात ती हाक?

अनुपमा : हँक! हनी, यल्ला, चल लवकर! लंच रश सुरू झालाय, कुठे आहेस तू?

नर्मदा : ऐकलं मी! द्या तिच्याकडं फोन.

रामेश्वर : मॅडम, प्लीज... घरून हाय. दोन मिनिटं बोला ना.

अनुपमा : हाय वहिनी! गैरसमज नको हं, इथे आम्ही सगळ्यांनाच हनी म्हणतो. इट्स द थीम.

नर्मदा : सगळ्यांना?

अनुपमा : एव्हरीवन! गेस्ट, डिलिव्हरीवाले, शौकत...

नर्मदा : शौकतभाऊंना? अवो, त्यांना नातवंडं हायेत!

अनुपमा : सो व्हॉट? ही इज सो स्वीट.

नर्मदा : बरं बाई. अन् ह्यांचं नाव हँक कशापायी?

अनुपमा : अमेरिकेत हेन्रीला लाडाने हँक म्हणतात. क्यूट ना?

नर्मदा : हे हेन्री नाहीत.

अनुपमा : वहिनी, त्यांचं खरं नाव बॅजवर मावत नाही. गेस्टना म्हणताही येत नाही.

नर्मदा : हॅम्बर्गर म्हणता येतं?

अनुपमा : ऑफकोर्स! ते काय, जगाला येतं.

नर्मदा : अन् तुमच्या बॅजवर काय लिहिलंय?

अनुपमा : अनुपमा. मी मॅनेजर आहे ना.

नर्मदा : मावलं का?

अनुपमा : ...हँक, हा धर फोन. टू मिनिट्स, खलास.

रामेश्वर : पटलं का आता? ती पिशवी सोड. माझ्यावर एवढा अविश्वास?

नर्मदा : पिशवी सोडते. अन् आत्याबाईंना अंडी समजावून सांगते. पण एक सांगा, तिकडं मुहैस्नाहला राहता त्या खोलीवर तरी कुणी नावानं हाक मारतं का तुम्हाला?

रामेश्वर : शौकत मारायचा. आता तोपण हँकच म्हणतो. परवा दवाखान्यात नर्स रामेश्वर, रामेश्वर करायली, अन् मी आपला बाकावर बसून बघायलो, हा कोण बाबा उठत कसा नाही म्हणून!

नर्मदा : हसायलात काय?

रामेश्वर : मग रडू का?

नर्मदा : खिम्याच्या टिक्कीला गावाचं नाव पुरलं. अन् तुम्ही चांगले अंबडकर, तुमचं बॅजवर मावेना. मला राग आलाय, सांगून ठेवते.

रामेश्वर : जाऊ दे गं. पोटासाठी करावं लागतंय.



नर्मदा : आत्याबाई अंगणात गेल्यात. ऐका.

रामेश्वर : बोल.

नर्मदा : रामेश्वर.

रामेश्वर : अगं! नाव घेतलंस? उखाण्यानंतर कधी...

नर्मदा : तवा तुमच्या बहिणींनी दार अडवलं होतं म्हणून घेतलं. आता तिकडं कुणी घेईना म्हणून घेतलं.

रामेश्वर : परत एकदा घे ना.

नर्मदा : उद्या. रोज एकदा घेत जाईन, तुमची सवय मोडू नये म्हणून. जा आता, आदम-ईव्ह करपायले.