तोंड बांधलेली ओळ

—त्या खुर्चीवर नको ताई, तिचा पाय मोडलाय. मीच मोडलाय, साहेबांसाठी राखून ठेवलीय. हां, तर रोजचं काम जपून कोण ठेवतं? मी. दुसरं कोण? बुटांची डिझाइनं काढणारे इथं दहा जण, सगळे शिकलेले, आणि संध्याकाळी सहाला कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत ठरलेली ओळ टाइप करतो सातवी नापास शिपाई, मी. ओळीच्या शेवटी दोन आडव्या रेघा नि एक शब्द — की दिवसभराचं सगळं तुमच्या त्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये जमा. अकरा वर्षं, एक खाडा नाही. आज सकाळी डिझायनरबाईंचा कॉम्प्युटर जळाला, बाई रडकुंडीला आल्या, मी म्हटलं, रडताय कशाला, माझ्याकडे आहे की सगळं. म्हणून तर तुम्हाला बोलावलं, ते काढून द्यायला.

पण तुमच्या कंपनीचं मला कळत नाही हं — ओळीच्या शेवटचा तो शब्दच म्हणे बदलायचा. का? बुरशी आली त्याला? नवं दार काढा, हवं तर रंगवा, पण जुन्याला भिंत कशाला घालता? जुन्यातून येईल त्याला आतल्या आत नव्या वाटेला लावा, त्याला पत्ताही लागू देऊ नका — काय? आधी कळवलं होतं? कळवलं हो. दोन वर्षं रोज पिवळ्या अक्षरांत — हा शब्द सोडा, पुढे काढून टाकणार. एवढे टोमणे मारून सासूसुद्धा दमते. मग मी — साहेबांना सांगू नका — आमच्या जुन्या ऑपरेटरने शिकवलेला एक तुकडा ओळीला जोडला. प्रोग्रामचं तोंडच बांधलं. सूचना असो, चूक असो, स्क्रीनवर काही बोलायचं नाही. काय शांतता झाली म्हणून सांगू.

नवी आवृत्ती? बसवून गेला की तुमचा माणूस, मार्चमध्ये. चहा पाजला त्याला, मीठ घालून. तिच्यात तो शब्द काढलाय? साफ? मग मी टाइप करतो तेव्हा — चूक दाखवतो? कुठे दाखवतो, मला तर कधी —

स्क्रीन इकडे करा जरा. ही तारीख कसली? शेवटची जमा... दहा मार्च. आणि आता जुलै चाललाय.

बाई दाराबाहेरच उभ्या आहेत. पाच मिनिटांत देतो म्हटलंय मी त्यांना.

नाही, तुम्ही नका सांगू. मी सांगतो. आधी त्यांना माझी थट्टाच वाटेल, तेवढं हसून घेतील. जा तुम्ही ताई, पाठवा त्यांना आत. आणि ती मोडकी खुर्ची तेवढी बाहेर न्या.