सुलतानाचा घास

...आणि हळू बोला, झुरळं म्हणायचं नाय! आमच्या हिला चालत नाय. तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं संसार केला, ही बाई मला तोंडावर काय काय म्हणते त्याला गणती नाय, पण फ्रीजच्या मागच्या त्या डब्यातल्यांना मात्र 'मंडळी' म्हणायचं. मंडळी! कामावरून दमून आलो की मला पाणी विचारायच्या आधी मीच तिला विचारायचं, मंडळी जेवली का?

आता तुम्ही म्हणाल, सोमनाथराव, घरात झुरळं पाळायची बुद्धी झाली कुणाला? मलाच! झालं काय, मी मासा आणला. आरोवाना. हातभर लांब, पांढराशुभ्र, मिशावाला. कंपनीतल्या एकानं सांगितलं, हा मासा घरात असला की बरकत येते. आता आमच्या सिडकोत नळ येतो आठ दिवसाला, लोक तांब्या तांब्यानं आंघोळ करतात, आणि मी काचेचा हौद भरून बसलो... नाव ठेवलं सुलतान, आणि वागणंबी तसंच, खायला समोर जिवंतच पाहिजे! माशाच्या दुकानातला अम्मार म्हणला, "टेन्शन नक्को लेव चचा, ये डुबिया झुरळां लेके जाव. उडते नै, काच पे चढते नै, बास बी नै. एक डब्बा पाले तो जिंदगीभर का खाना." जिंदगीभर! तिथनंच उठून यायला पाहिजे होतं मी.

आणला डबा. त्यात अंड्यांचे रिकामे ट्रे उभे करावे लागतात, मंडळींना लपायला. क्रांती चौकातल्या आम्लेटवाल्याकडं मागायला गेलो, तर तो विचारतो, अंडी नको, नुसते ट्रे? करता काय त्याचं? काय सांगणार हो मी त्याला? आणि इकडं आमच्या हिनं, आशानं, पहिल्याच दिवशी बॅग भरली. म्हणली, ह्या घरात एक तर मी राहीन, नाय तर ती झुरळं राहतील. डबा गॅलरीत ठेवला म्हणून राहिली. बघा, तवा तीच झुरळं म्हणत होती!

मग जुलैत आमचे थोरले बंधू, आप्पासाहेब, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. शेत कन्नडला, मका उभी, बघायला कुणी नाय. रजा टाकून गेलो आठ दिवस. जाताना हात जोडून सांगितलं, डब्यात रोज गाजराचा तुकडा टाक, आणि चिमट्यानं चार उचलून सुलतानाला दे. चिमटाबी देऊन गेलो. सोपं काम, व्हय का नाय?

परत येतो तर गॅलरीत डबा नाय! डबा फ्रीजच्या मागं, उबेला. आत गाजर, काकडी, बाजरीची भाकरी कुस्करून... मंडळी अशी तुकतुकीत! आणि सुलतान? कोपऱ्यात तोंड करून, पोट खपाटीला गेलेलं. हिनं त्याला टाकलेल्या कणकेच्या गोळ्या तशाच तळाला पडलेल्या. मी म्हणलं, चार चार टाकले नाय का गं? तर म्हणली, "ज्याला माझ्या हातानं घास घातला, त्याला मी दुसऱ्याच्या तोंडात देणार नाय. माहेरी आमच्या दादांनी म्हातारा बैलसुद्धा कधी बाजारला काढला नाय."

आता बैल कुठं, झुरळ कुठं! मी समजावलं, बाई गं, बैल नांगर ओढतो. तर मला वरून खालपर्यंत बघून म्हणली, तुम्ही काय ओढता?

पुढं पोळा आला. तुम्हाला खोटं वाटंल, हिनं पुरणपोळीचा निवद मंडळींपुढं ठेवला! मी म्हणलं, अगं मातीचे बैल आणलेत ना मी? तर म्हणली, ते खातात का? हे तरी खातात. आणि मला उपाशी बसवलं, त्यांचं होईपर्यंत. झुरळं म्हणायचं नाय, वर त्यांच्या मागून जेवायचं!

बरं, भूतदया म्हणावी, तर एक दिवस ओट्यावर साधं घरातलं झुरळ निघालं. हिनं चप्पल काढली आणि फाट्! मी म्हणलं, आशा, हे तुझ्या मंडळींचं भावकीतलंच की. तर शांतपणे म्हणली, "ते चोरून खातं. आपले वाढलेलं खातात."

इकडं सुलतान सुकत चालला. अम्मारनं मासळीच्या सुक्या गोळ्या दिल्या, सुलतान तोंडात घेऊन थुंकायचा. चार दिवस तेच. मला बघवंना हो, माझा जीव तुटायला लागला. शेवटी पाचव्या दिवशी, दुपारी ही भिशीला गेली, मी डबा उघडला. चिमट्यानं चार निवडले. खरं सांगतो, त्यातला एक पोळ्याला पुरण खाल्लेला, ओळखीचा निघाला! आणि तेवढ्यात दार वाजलं. ही चष्मा विसरली होती.

हिनं माझ्याकडं बघितलं, चिमट्याकडं बघितलं, आणि हळूच पायातली चप्पल काढली.

"चोरून?"

एवढंच म्हणली. मी चिमटा उलटा केला, ओळखीच्याला आधी आत सोडला, झाकण लावलं. सुलतान काचेला नाक लावून सगळं बघत होता.

संध्याकाळी ताटावर बसलो. गाजराची कोशिंबीर मागितली, तर गाजरं मंडळींना गेली म्हणं. माझ्या ताटात दुधी. चप्पल तिथंच, दारात. मी दुधीचा घास घेतला, आणि तिकडं हिनं टाकलेली सुकी गोळी सुलतानानं तोंडात धरली. थुंकणार होता, पण त्यानंबी दाराकडं बघितलं.

हिनं विचारलं, कसा झालाय?

म्हणलं, झ्याक. आणि आम्ही दोघांनी एकदमच गिळलं.