खिडकीतून आत शिरल्याबाबत

जबाब देणार : श्रीमती असुंता रोको मोराबितो, वय ६८ वर्षे, धंदा : काही नाही (पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात), राहणार : चौथा मजला, मागच्या अंगाची भाड्याची खोली, ब्रॉन्क्स, न्यूयॉर्क.

मी वरील ठिकाणी एकटीच राहते. आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर होऊन विचारल्याप्रमाणे सांगते की, काल मंगळवारी दुपारी बाहेरच्या लोखंडी जिन्याने पाचव्या मजल्यावर चढून खिडकीतून आत गेलेली बाई मीच. हातात लोखंडी गज नव्हता. डाव होता, रस्सा वाढायचा. मागच्या इमारतीतल्या ज्या बाईने पोलिसांना फोन केला, तिने आधी चष्मा बदलावा.

पाचव्या मजल्यावर, बरोबर माझ्या डोक्यावर, इसिडोर वाख्टेल नावाचे गृहस्थ राहतात. वय ऐंशीच्या पुढे. जन्मभर जोडे दुरुस्त करण्याचा धंदा केला. त्यांचे नि माझे अकरा वर्षांपासून वाकडे आहे. कारण असे की, हिवाळ्यात तळघरातला बॉयलर पेटला की वाफ नळातून वर चढते आणि त्यांच्या खोली तापवायच्या लोखंडी रेडिएटरमधून ठाण ठाण ठाण असा आवाज निघतो. मेलेला माणूस उठून बसेल. माझे म्हणणे असे की, हा म्हातारा मुद्दाम हातोडी मारतो. जोडेवाल्याच्या घरात हातोडी असणारच, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

इमारतीची देखभाल करणारा इलिर गाशी तळघरात राहतो. त्याने मला पूर्वी समजावले होते, "मावशी, वरची जमीन खचलीय, रेडिएटर उलटा कललाय. आत पाणी साचतं आणि वाफ येऊन त्याला धडकते. म्हाताऱ्याचा काही दोष नाही." मी म्हटले, "पाणी कधी हातोडा मारतं का रे? मला शेंड्या लावू नकोस." मग तू कलता रेडिएटर नीट का करत नाहीस, असे विचारले, तर म्हणाला घरमालकाला विचारतो. तो अजून विचारतोच आहे. मी मात्र घरमालकाकडे तक्रारी लिहायच्या सोडल्या नाहीत.

काल सकाळी बॉयलर बंद पडला. आमच्याकडे बॉयलर बंद पडला की फोन करत बसत नाहीत. जो तो चमचा, उलथणे, मिळेल ते घेऊन आपल्या रेडिएटरवर बडवतो. नळ सगळ्यांचा एक, त्यामुळे तळघरात इलिरच्या डोक्यावर घण पडतात आणि काम लवकर होते. मीही डाव घेऊन बडवले. सगळी इमारत बडवत होती. शेवटी इलिर दारोदार फिरून हात जोडत म्हणाला, "अहो, माणसं आहात का कोण! भाग बदललाय, तासाभरात वाफ सोडतो. आता तरी गप्प बसा." लोक गप्प बसले.

एकटा वाख्टेल गप्प बसला नाही. ठोकणे चालूच. म्हटले, बघा, आज बॉयलर बंद आहे, रेडिएटर थंडगार आहे, म्हणजे पाणीबिणी काही नाही. चोर रंगेहाथ सापडला! मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी डावाने नळावर तीनदा जोरात मारले, म्हणजे बस कर. वरून तीनदा उत्तर आले. मी पाचदा मारले. वरून पाच. हा मला वेडावतो काय, असे म्हणून मी डाव घेऊनच वर गेले.

त्यांच्या दारावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही, असे अंमलदार साहेबांचे मत पडले. थोडक्यात, त्यांच्या खानदानाबद्दल होते. आतून उत्तर नाही. अकरा वर्षांत माझी एकही शिवी त्या माणसाने फुकट जाऊ दिलेली नाही. एक दिली की दोन परत, तीही व्याजासकट. मी आणखी एक वाईटातली दिली. आतून फक्त ठोकणे, तेही हळू. मी दार ढकलून पाहिले.

दाराला आतून कडी होती. मी खाली पळाले. माझ्या खिडकीतून वर पाहते तो त्यांची खिडकी उघडी, पडदा बाहेर फडफडतोय. वाफ चालू असते तेव्हा खोल्या भट्टीसारख्या तापतात, म्हणून भर थंडीतही आम्ही सगळे खिडक्या उघड्या टाकतो. पण काल सकाळपासून वाफ नव्हती. सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. त्यांचीच उघडी. इलिरला हाका मारल्या, तळघरात त्याला काय ऐकू येणार! म्हणून मी चपलांनिशी खिडकीबाहेरच्या, आग लागल्यावर उतरायच्या लोखंडी जिन्यावर चढले. गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले आहे, हेही लिहून घ्यावे.

आत वाख्टेल जमिनीवर पडले होते. अख्खा रेडिएटर त्यांच्या पावलावर बसलेला. ओठ निळे, आवाज बसलेला. ओरडले असणार, पण आमच्या बडवाबडवीत कोणाला ऐकू जाणार? हातात हातोडी होती. मला पाहून त्यांनी नळाच्या चावीकडे बोट केले. नळ जोडाजवळ उचकटला होता आणि तेवढ्यात आतून सूं असा आवाज यायला लागला. इलिरने वाफ सोडली होती. ती वर पोचली असती तर सरळ त्यांच्या अंगावर. चावी घट्ट होती. मी डाव अडकवून जोर लावून ती पुरती बंद केली. डाव वाकला तो तेव्हा. कोणाच्या डोक्यात घालून नव्हे.

मग मी खाली बसून विचारले, "अरे म्हाताऱ्या, या वयात रेडिएटर उचलायला निघालास? अक्कल गहाण टाकलीस काय?"

त्यांनी दाखवले. रेडिएटरच्या एका पायाखाली जोड्यांचे जुने चामड्याचे तळ एकावर एक रचून ठोकले होते, कल काढण्यासाठी. दुसरा पाय फळीने उचलताना फळी सटकली. म्हणाले, "थंड असतानाच हात लावता येतो. आज बंद पडला, म्हटलं आजच करून टाकू. खालच्या बाईला झोप लागत नाही म्हणे."

यावर मी काय केले असे विचारले असता सांगते की, उठून ती उघडी खिडकी लावून घेतली.

मग त्यांनी हातोडी उचलून नळावर एकदा टक् केले. "ही माझी हातोडी. ऐकलंत? हिचा आवाज असा. अकरा वर्षं ऐकलात तो नळाचा. आता तरी पटलं?"

मी पटले म्हणाले. एवढ्यात आपले दोघे शिपाई दार फोडून आले आणि हात वर करा म्हणाले. मी डावासकट केले. त्यांनी वाख्टेलना विचारले, या बाईला ओळखता का? ते म्हणाले, "ओळखतो. माझ्या खालच्या मजल्यावरचा त्रास आहे. पण मी बोलावलं म्हणून आली, तिला सोडा." मग इलिर आणि शिपायांनी मिळून रेडिएटर उचलला आणि त्यांना दवाखान्यात नेले. पावलाची दोन हाडे मोडली आहेत. बाकी जीभ शाबूत आहे, मी आज सकाळी जाऊन खात्री केली.

त्यांच्या घरातली कोणतीही वस्तू मी घेतलेली नाही. फोडलेले दार पोलिसांनी फोडले, ते माझ्या नावावर लिहू नये. माझ्या जुन्या तक्रारींबाबत विचारले असता, त्या सगळ्या मी परत घेते.

माझी एकच मागणी आहे. पुरावा म्हणून ठेवलेला डाव मला शुक्रवारच्या आत परत मिळावा, वाकडा असला तरी चालेल. वाख्टेल शुक्रवारी घरी येतात. पायाला प्लास्टर, जिना उतरता येणार नाही. आमचे असे ठरले आहे की, भूक लागली की त्यांनी नळावर दोनदा ठोकायचे. मग मी काय हाताने उत्तर देऊ?

हा जबाब अंमलदार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. 'म्हातारा' हा शब्द ते खोडत होते, मी खोडू दिला नाही. बाकी मी बोलले तसाच लिहिला आहे, आणि खरा आहे.

सही : असुंता मोराबितो