तासाला किती पोती

हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगतो. तारापूरच्या एका कारखान्यात पोती वरच्या गोदामात न्यायला कन्व्हेयरचा पट्टा बसवायचा होता. पट्ट्यावर वजन किती पडणार ते कळलं, की तो ओढायला जोर किती लागेल आणि मोटर केवढी हवी, ते काढता येतं. म्हणून मी घड्याळ घेऊन तिथल्या आठ हमालांजवळ उभा राहिलो.

त्यांचे मुकादम लाडक्यादादा, उमरोळीचे, पन्नाशीचे. त्यांनी विचारलं, "सायब, काय मोजताय?"

"तासाला किती पोती वर जातात, ते." कशासाठी, ते सांगायला माझी जीभ रेटली नाही.

दादा मागे वळून ओरडले, "चला रे, सायब मोजताय!" मग तासभर ते आठही जण पाठीवर पोती घेऊन पळत होते. दादांना धाप लागली.

"दादा, रोजच्यासारखंच चालू द्या."

"रोज असंच असतं, सायब."

मी तोच आकडा धरला आणि मोटर केवढी हवी ते काढलं. पट्टा सुरू झाला, त्याच आठवड्यात आठही जणांना घरी बसवलं.

परवा बोईसर स्टेशनबाहेर दादा भेटले. मी नजर चुकवणार, तोच त्यांनी हाक मारून चहा पाजला. मी म्हणालो, "दादा, मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं."

दादा म्हणाले, "मला वाटलं, आमाला कायम करायला मोजताय. सगळ्यांना मीच पळवलं, सायब. आता त्यातला एक पन माज्याशी बोलत नाय."